कलम लाइट: पत्रिकेतल्या नाजूक ओळींसाठी

‘कलम’ हा इंडियन टाइप फाउंड्रीचा हस्ताक्षरी फॉन्ट २०१४पासून सर्वांसाठी खुला आहे. त्यातली देवनागरी अक्षरं लिपी रावल यांनी केली, रोमन अक्षरं जॉनी पिनहॉर्न यांनी. लाइट, रेग्युलर आणि बोल्ड अशी तीन वजनं, म्हणजे रेघेच्या तीन जाड्या, मिळतात. नाजूक कामाला लाइटच घ्यावं.

नावावरून बोरूचं वळण डोळ्यांसमोर येतं, पण ही अक्षरं बॉलपेननं लिहिल्यासारखी आहेत: उजवीकडे झुकलेली, टोकं गोलसर, गाठी भरीव, जाड-बारीक भेद फारसा नाही. म्हणून ‘शुभविवाह’सारख्या मोठ्या मथळ्यावर हा फॉन्ट पोरका दिसतो. तिथे सुलेखनकाराकडूनच अक्षरं काढून घ्यावीत. ‘आमच्याकडे यायचं हं!’सारखी आग्रहाची ओळ, भेटकार्डावरचे चार शब्द, फोटोखालची तारीख इथे मात्र तो फार गोड दिसतो. परिच्छेद लांबला की तेच ‘क’ आणि तेच ‘म’ पुन्हा पुन्हा येऊन हस्ताक्षराचा आभास मोडतो. लग्नस्थळ, मुहूर्त, पत्ता यांसाठी शेजारी ‘मुक्ता’सारखा सरळ फॉन्ट ठेवा.

अडचणी बहुतेक मांडणीत येतात. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते, त्यामुळे ट्रॅकिंग शून्यच हवं. १८ पॉइंटच्या मजकुराला इनडिझाइन हे पानमांडणीचं सॉफ्टवेअर आपोआप २१.६ पॉइंटचं ओळअंतर देतं. त्यात वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतली वेलांटी एकमेकांना भिडतात, २८पर्यंत वाढवा. वेलांटी किंवा रफार भलत्याच जागी दिसला तर दोष फॉन्टचा नाही, परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर (इनडिझाइनमधली देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सोय) लावायचा राहिलेला असतो. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ झालं असेल तर टाइप करताना साधा र पडला आहे, तिथे ऱ हवा.

छपाईत १४ पॉइंटच्या खाली लाइट वापरू नये. बारीक रेघ चार रंगांच्या मिश्रणात छापली आणि प्लेट केसभर सरकली, तरी अक्षराला रंगीत कडा येते. एकाच शाईत छापा. गडद रंग छापून त्यात कागदाची पांढरी अक्षरं ठेवायची असतील तर शाई पसरून रेघ बुजते, तिथे रेग्युलर घ्या.

सोनेरी फॉइल किंवा व्हिनाइल कटिंगला फाइल देताना अक्षरांचे कर्व्ह (फॉन्टशिवाय उघडणारे नुसते आकार) केले की काम संपलं असं अनेक जण समजतात. शिरोरेषेवर शेजारच्या अक्षरांचे आकार एकमेकांवर चढलेले असतात. ते इलस्ट्रेटरमधल्या पाथफाइंडरच्या युनाइटनं एकजीव केले नाहीत तर प्लॉटर (कापणारं यंत्र) प्रत्येक सांध्यावर आडवा काप देतो. एकजीव केल्यावर मजकूर दुरुस्त करता येत नाही, म्हणून टाइप केलेली मूळ प्रत वेगळी जपा.

परवाना ओपन फॉन्ट लायसन्स आहे. ग्राहकाच्या पैसे घेऊन केलेल्या कामातही हा फॉन्ट मोफत वापरता येतो, फक्त नुसती फॉन्टची फाइल विकता येत नाही.