जिरा, रेडमाइन की स्वतः लिहिलेलं? सोलापुरातल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीसाठी

टॉवेल-चादरीच्या कारखान्यांना बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर देणारी, आठ-दहा जणांची कंपनी डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय. कामं कुठे नोंदवायची, हा प्रश्न तिथे आज ना उद्या येतोच. जिरा, ट्रेलो, रेडमाइन ही त्यासाठीची तयार सॉफ्टवेअरं. ‘आपण सॉफ्टवेअरवालेच आहोत, आपलं आपणच लिहू,’ हा विचारही लगेच येतो.

माझं स्पष्ट मत: अख्खी सिस्टिम स्वतः लिहू नका. कामांची यादी, स्टेटस, काम कुणाकडे आहे, एवढं पटकन होतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं: परवानग्या, ईमेल, कुणी कधी काय बदललं याचा इतिहास, सर्च, बॅकअप. त्यासाठी गिऱ्हाइकाच्या कामावरचा माणूस काढावा लागतो. आणि तो पुण्याला नोकरीला गेला की ते कोड पोरकं होतं.

जिरा 10 जणांपर्यंत मोफत आहे. अकरावा आला की पैसे एकट्या अकराव्याचे नाही, सगळ्यांचे लागतात. मोफत प्लॅनमध्ये कुणाला काय दिसावं हे आपल्या सोयीने ठरवता येत नाही. स्वतःचं प्रॉडक्ट असेल आणि स्प्रिंट (एक-दोन आठवड्यांचे ठरावीक टप्पे) लावून काम चालत असेल, तर जिराच घ्या. ट्रेलो शिकायला सगळ्यात सोपं. पण कामाला लागलेला वेळ त्यात मुळात नोंदवता येत नाही, त्यामुळे तासांवर बिल लावणाऱ्यांना ते पुरत नाही.

सपोर्टचं काम जास्त असलेल्यांसाठी माझा कौल रेडमाइनला. 2006 पासूनचं ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला), माणशी फी नाही, वेळेची नोंद, गँट चार्ट (कामांचं वेळापत्रक पट्ट्यांमध्ये दाखवणारा तक्ता) आणि विकी (सगळ्यांनी मिळून लिहायची माहितीची पानं) आतच. प्रत्येक गिऱ्हाइकाचा वेगळा प्रोजेक्ट करता येतो. दिसायला जुनाट आहे, आणि मोठ्या अपग्रेडला प्लगइन (वरून जोडलेल्या जादा सोयी) रुसतात. ते आपल्याच सर्व्हरवर चालवायचं, म्हणून लिनक्स (सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम) सांभाळणारा एक तरी माणूस हवा. बॅकअप डेटाबेसचा आणि ‘फाइल्स’ फोल्डरचा, दोन्हींचा घ्या. नुसता डेटाबेस घेतला तर तक्रारींना जोडलेले स्क्रीनशॉट जातात.

आता एमआयडीसीतल्या शेठचा व्हॉट्सॲप येतो: ‘बिल निघत नाही, गाडी थांबलीय.’ मेसेज घेणाऱ्याने कारखाना, व्हर्जन, एररचा फोटो आणि ‘कधी कळवतो’ ही वेळ, एवढं मोबाइलवर मिनिटभरात भरलं पाहिजे. रेडमाइनच्या फॉर्ममध्ये ते होत नाही. स्वतः लिहायचंच असेल तर हा चार रकान्यांचा फॉर्म लिहा आणि त्यातली माहिती रेडमाइनच्या रेस्ट एपीआयने (दुसऱ्या प्रोग्रॅमने नोंदी टाकायची वाट) आत सोडा. लिहायची हौस इथे सार्थकी लागते.

चाचणी डेमोवर नको, चालू कामावर घ्या, आणि तीही महिन्याच्या 11 ते 20 तारखांच्या आसपास. जीएसटीआर-1 आणि 3बी ही जीएसटीची विवरणपत्रं भरायच्या या तारखांना गिऱ्हाइकांचे फोन थांबत नाहीत. त्या गडबडीत ज्या टूलमध्ये पोरांनी न सांगता नोंदी केल्या, ते घ्या.