बायतेरेक मनोरा, अस्ताना: पंजापेक्षा खिडकी भारी

कझाकस्तानच्या राजधानीतल्या या मनोऱ्याचं तिकीट काढावं का? काढावं. पण वरच्या मजल्यावर लोक ज्याच्यासाठी रांग लावतात त्या सोनेरी पंजासाठी नव्हे. (पंजा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे निवडणूक चिन्ह येणार. हा तो नाही.) हा ठसा नुरसुल्तान नझरबायेव यांच्या उजव्या हाताचा. तेमिरताऊच्या पोलाद कारखान्यात भट्टीवर काम करून वर आलेला हा माणूस 1984 मध्ये सोव्हिएत कझाकस्तानच्या मंत्रिमंडळाचा प्रमुख झाला, 1989 मध्ये कम्युनिस्ट पक्षाचा पहिला सचिव आणि एप्रिल 1990 मध्ये राष्ट्राध्यक्ष. मग देश बदलला, झेंडा बदलला, पक्ष बदलला, खुर्चीवरचा माणूस तोच राहिला, तो 19 मार्च 2019 पर्यंत. त्याच्या मनातलं शहर कसं होतं हे या मनोऱ्यावरून जितकं स्वच्छ दिसतं तितकं कुठल्याही संग्रहालयात दिसत नाही. पैसे त्याचे द्यायचे.

मनोरा 105 मीटरचा. पोलादी सांगाड्याचं पांढरं खोड, वर फाकलेल्या फांद्या आणि त्यांत अडकलेला 22 मीटर व्यासाचा सोनेरी काचेचा गोळा. कझाक कथेत बायतेरेक हा जीवनवृक्ष. समरूक नावाचा पक्षी दरवर्षी त्याच्या शेंड्यावर सोन्याचं अंडं घालतो आणि बुंध्याशी राहणारा अजगर दरवर्षी ते गिळतो. गोळा म्हणजे ते अंडं. आतला बघण्याचा मजला जमिनीपासून 97 मीटरवर आहे, कारण राजधानी अल्माटीहून इथे हलली ती 1997 मध्ये. आकड्यांचा हा सोस शहरभर दिसेल: स्वातंत्र्य चौकातला कझाक एली स्तंभ 91 मीटरचा आहे, 1991 साठी.

वर जाण्याची पद्धत सरळ आहे, फक्त एक गोष्ट आधी कळलेली बरी. लिफ्ट गोळ्यातल्या खालच्या मजल्यावर सोडते. हा मजला गोल फिरून चारही दिशा बघायचा. पंजा त्याच्याही वर आहे आणि तिथे जायला जिनाच चढावा लागतो. गुडघे दुखणारे आई-वडील बरोबर असतील तर त्यांना खालच्या मजल्यावरच निवांत बसवा. दृश्य तिथूनही पूर्ण दिसतं, हुकतो तो फक्त पंजा. मनोऱ्याच्या बुंध्याशी जमिनीखालीही एक भाग आहे, त्याच्यासाठी वेगळा वेळ काढायची गरज नाही. सगळं मिळून पाऊण तास पुरतो. 6 जुलै टाळा. तो राजधानीचा दिवस, आणि योगायोग म्हणा हवं तर, नझरबायेव यांचा वाढदिवसही तोच. त्या दिवशी गर्दी वेगळीच असते.

आता खिडकी. काचेला सोनेरी झाक आहे, त्यामुळे बाहेरचं सगळं हळद लावल्यासारखं दिसतं. डोळ्यांना ते चालतं, मोबाइलच्या कॅमेऱ्याला नाही. फोटो पिवळट येतो आणि वर काचेत आपलंच प्रतिबिंब पडतं. उपाय दोन: लेन्स काचेला अगदी टेकवायची म्हणजे प्रतिबिंब जातं, आणि रंगछटा हाताने निळ्याकडे सरकवायची. स्वयंचलित सेटिंगवर भरवसा ठेवला तर घरी आल्यावर सगळे फोटो एकाच रंगाचे निघतात. गडद रंगाचं जाकीट घातलंत तर काचेतली तुमची सावलीही कमी दिसते.

दिशा महत्त्वाची आहे, कारण हे शहर एका रेघेवर आखलेलं आहे. जपानी वास्तुरचनाकार किशो कुरोकावा यांचा आराखडा घेऊन एसिल नदीच्या डाव्या तीरावर नवी राजधानी उभी राहिली, आणि बायतेरेक त्या रेघेच्या मधोमध आहे. पूर्वेला तोंड करा: नुरझोल मार्ग, मग दोन सोनेरी निमुळते मनोरे, त्यांच्या मधून निळ्या घुमटाचा अक ओर्दा, म्हणजे राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद, आणि नदीपलीकडे नॉर्मन फॉस्टर यांनी बांधलेला शांतता प्रासादाचा 62 मीटर उंच पिरॅमिड. पश्चिमेला वळा: तेल आणि वायू कंपनीची कमानीची प्रचंड इमारत, आणि तिच्या कमानीतून दिसणारा खान शातीर, 150 मीटर उंचीचा कललेला पारदर्शक तंबू, आत दुकानांचा मॉल. तोही फॉस्टर यांचाच, आणि त्याचं उद्घाटन 2010 च्या जुलैत, नझरबायेव यांच्या सत्तरीच्या मुहूर्तावर. सत्तेपासून बाजारापर्यंत एकच सरळ रस्ता. सकाळी सूर्य प्रासादाच्या मागे असतो, त्यामुळे अक ओर्दाचा नुसता काळा आकार उमटतो. दुपारनंतर उजेड त्याच्या दर्शनी बाजूवर पडतो, म्हणून तेव्हाच जा. जूनमध्ये सूर्य साडेआठनंतर मावळतो, डिसेंबरमध्ये चारच्या सुमारास. घड्याळ भारतापेक्षा फक्त अर्धा तास मागे आहे, 2024 पासून सबंध देशाला एकच वेळ लागू झाली.

थोडं लांब बघितलं की इमारती संपतात आणि सपाट गवताळ माळ सुरू होतो. राजधानी इथे का आणली, हा प्रश्न तिथेच पडतो. अल्माटी देशाच्या आग्नेय कोपऱ्यात, चीनच्या सीमेजवळ, भूकंपाच्या पट्ट्यात आणि डोंगरामुळे वाढायला जागा नसलेली, ही उघड कारणं. उत्तरेकडे रशियन वस्ती मोठी होती, तिथे राज्याचं केंद्र नेऊन ठेवणं हे न बोललेलं कारण. हिवाळ्यात उणे तीसपर्यंत पारा उतरणाऱ्या जागी शहर वसवायचा हट्ट सोपा नव्हता. पूर्वी या गावाला अक्मोला म्हणत, 1998 मध्ये अस्ताना, 2019 मध्ये नूर-सुल्तान, आणि 2022 च्या सप्टेंबरात पुन्हा अस्ताना. विमानतळाला मात्र अजून नझरबायेव यांचंच नाव आहे आणि त्याचा कोड एनक्यूझेड. सामानाच्या पट्टीवर अस्तानाशी न जुळणारी ही अक्षरं बघून बॅग चुकली असं समजून काउंटरवर भांडू नका.

वरच्या मजल्यावरचा पंजा. सजवलेल्या चौथऱ्यावर सोनेरी ठसा, जवळच पाटी: हात ठेवा, इच्छा मागा. ठसा उजवा, म्हणून डावा हात बोटांत बसत नाही आणि डावखुऱ्यांची पंचाईत होते. हात ठेवला की तोंड आपसूक अक ओर्दाकडे होतं. मांडणीच तशी केली आहे. 2009 च्या अखेरीपर्यंत हात टेकवला की राष्ट्रगीत वाजायचं, आणि त्या राष्ट्रगीताचे शब्द 2006 मध्ये दुरुस्त करणाऱ्यांतही नझरबायेव होते. म्हणजे त्यांच्या हातावर हात ठेवायचा, त्यांच्या प्रासादाकडे बघायचं आणि त्यांचेच शब्द ऐकायचे. इतकं नेटकं काम आजकाल देवळांतही होत नाही. फोटो काढताना मागची खिडकी उजळ असल्यामुळे माणूस काळा पडतो, म्हणून फोकस चेहऱ्यावर बोट टेकवून घ्या, आणि काढणाऱ्याने चौथऱ्याच्या बाजूला उभं राहावं. पाठीमागून काढलेल्या फोटोत फक्त डोक्याची मागची बाजू येते. शेजारीच लाकडी पृथ्वीगोल आणि त्याच्याभोवती 17 भाग आहेत, जागतिक धर्मांच्या परिषदेची आठवण म्हणून. तिथे रांग नसते.

ज्याच्या हातावर इच्छा मागायची, त्याला स्वातंत्र्याची घाई अजिबात नव्हती. सोव्हिएत संघ टिकवणारा गोर्बाचेव यांचा नवा संघकरार व्हावा म्हणून शेवटपर्यंत खटपट करणाऱ्यांत नझरबायेव होते. 8 डिसेंबर 1991 ला बेलारूसच्या जंगलात रशिया, युक्रेन आणि बेलारूस यांनी संघ मोडला, 12 तारखेला रशियाही बाहेर पडला, आणि कझाकस्तानने स्वातंत्र्य जाहीर केलं ते 16 ला, 15 प्रजासत्ताकांत सगळ्यांत शेवटी. 1 डिसेंबरच्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांच्यासमोर दुसरा उमेदवारच नव्हता. पण त्याच वर्षी 29 ऑगस्टला सेमिपलातिन्स्कचं अणुचाचणी केंद्र बंद करण्याचा हुकूमही त्यांनीच काढला, आणि वारशात आलेली अण्वस्त्रं देशाने पुढे परत केली. हे श्रेय त्यांचंच. वरच्या मजल्यावर त्याची साधी ओळखही दिसत नाही, ही मोठी उणीव. जानेवारी 2022 च्या दंगलीत तालदीकोर्गान शहरातला त्यांचा पुतळा लोकांनी दोराने ओढून पाडला आणि त्याच जूनच्या सार्वमताने घटनेतलं त्यांचं विशेष स्थानही गेलं. पंजा मात्र जागेवर आहे.

दृश्याला पाचपैकी साडेचार, पंजाला दोन, माहितीफलकांना एक. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या बहुतेक सहली फक्त अल्माटीच्या असतात. भारतीय पासपोर्टवर एका भेटीत 14 दिवस व्हिसा लागत नाही, तेव्हा दोन दिवस काढून अस्तानाचं विमान पकडता येतं. आगगाडीने जायचं तर एक रात्र जाते.

आणि वेळ नसेलच, तर एक स्वस्त पर्याय अल्माटीतच आहे. रिपब्लिक चौकात 1996 चं 28 मीटर उंच स्वातंत्र्य स्मारक आहे, शेंड्यावर पंखवाल्या हिमबिबट्यावर उभा सुवर्ण योद्धा. त्याच्या पायथ्याशी उघडं ब्राँझचं पुस्तक आहे, त्यात नझरबायेव यांच्या पंजाचा ठसा. याच चौकात डिसेंबर 1986 मध्ये मॉस्कोने परका पक्षप्रमुख लादला म्हणून तरुण जमले आणि मार खाल्ला. तिकीट नाही, लिफ्ट नाही, काच नाही, म्हणून फोटोही पिवळा येत नाही. फक्त जानेवारीत गेलात तर हातमोजा काढू नका. उणे दहा-पंधराला ब्राँझवर ओला हात टेकवला तर तो चिकटून बसतो.