आयडलिंग बिघडलंय: सर्व्हिस सेंटर की वागळे इस्टेटचं गॅरेज?

गाडी वॉरंटीत असेल तर पुढचं वाचू नका, सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. वॉरंटी संपलेल्यांसाठी हे लिहितोय.

माझी पेट्रोल हॅचबॅक. ठाण्यात कापूरबावडीच्या सिग्नलला उभी राहिली की आयडलवर, म्हणजे इंजिन नुसतं चालू असताना, आरपीएमचा (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्यांचा) काटा आठशेवरून चौदाशे, मग खाली पाचशे, कधी बंदच. मागून हॉर्न. आणि रोज नाही हो, आठवड्यातून एखाद्या दिवशी. चेक इंजिनचा दिवा नाही, कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा क्रमांक) नाही.

सर्व्हिस सेंटरची बाजू आधी. मोठा स्कॅनर त्यांच्याकडे, सॉफ्टवेअर अपडेट त्यांच्याकडे, शिवाय इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) साफ केल्यावर आयडल पुन्हा शिकवावं लागतं, ते व्यवस्थित करतात. एसी लाउंजमधला चहाही वाईट नसतो. पण मला खटकलं ते जॉब कार्ड. मी ॲडव्हायझरला दहा मिनिटं सगळं सांगितलं: कधी होतं, कधी होत नाही, एसी चालू असताना काय, बंद असताना काय. त्याने लिहिलं, 'आरपीएम प्रॉब्लेम'. बस. पाना ज्याच्या हातात होता त्याच्यापर्यंत एवढेच दोन शब्द पोचले. मी काचेपलीकडे. गाडी तिथे अर्थातच शहाण्यासारखी चालली. थ्रॉटल बॉडी साफ, प्लग नवे, बिल. दहा दिवसांनी सिग्नलला पुन्हा तेच. दुसऱ्या फेरीतही जॉब कार्डवर तेच दोन शब्द.

मधल्या काळात ब्लूटूथवाला स्वस्त स्कॅनर घेतला. वाईट नाही, पण तो आकडे देतो, अर्थ नाही. मी कुठेतरी जादा हवा ओढली जातेय असं धरून फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर इंजेक्टरचं पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो तो आकडा) अधिकमध्ये जायची वाट बघत होतो. ती त्या दिवशी उलट वजा पंधरावर. म्हटलं, स्वस्तातला आहे, खोटं दाखवत असेल.

वागळे इस्टेटच्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडायच्या आधी विचारलं, "साहेब, पेट्रोल भरल्यावर होतं का हो?" मी गप्प. आठवून बघितलं, तर दर वेळी टाकी फुल केलेल्या दिवशीच! त्याने पर्ज व्हॉल्व्हचा (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणाऱ्या झडपेचा) विजेचा सॉकेट काढला, कॅनिस्टरकडचा (ती वाफ साठवणाऱ्या डब्याकडचा) पाईप काढला आणि माझंच बोट तिथे लावलं. ओढ लागत होती. वीज नसताना हा व्हॉल्व्ह घट्ट बंद हवा. तो उघडा अडकलेला, म्हणून टाकीतली वाफ आयडलवरही इंजिनात जायची, आणि टाकी भरली की वाफ जास्त. वजा पंधराचा अर्थ तेव्हा लागला: वाफेतून पेट्रोल जास्त जातंय म्हणून इंजिन इंजेक्टरचं कमी करत होतं.

आता गॅरेज म्हणजे सगळं गोड नाही. पक्कं बिल मागावं लागतं, 'संध्याकाळी देतो' म्हणजे कुठली संध्याकाळ ते विचारून घ्यावं. पार्टचं खोकं समोर फोडायला सांगा. नवीन बीएस-६ गाडीतलं काही काम कंपनीच्या स्कॅनरशिवाय होत नाही, तेही खरं. सर्व्हिस सेंटरला कुणाला चांगला ॲडव्हायझर भेटलाही असेल, मला नाही भेटला.

तरी कोड नसलेला, लहरी दोष असेल तर मी वागळेला जाईन. गाडी आदल्या रात्रीच सोडा, थंड इंजिन त्याने स्वतः सुरू केलेलं बरं. पावसाळ्यात मात्र काचा नीट वर करून या, शेड अर्धीच आहे.