अस्सल विंटेज की जुन्या वळणाचं नवीन?

ज्यांना हा नाद आधीच लागलाय त्यांना विंटेज म्हणजे काय हे मी सांगत बसत नाही. प्रश्न त्याच्या पुढचा आहे आणि तो प्रत्येकाला कधीतरी पडतोच, की पन्नास-साठ वर्षांपूर्वी खरंच बनलेली वस्तू शोधून घ्यायची का त्याच कटची, त्याच ढंगाची पण आत्ता बनलेली घ्यायची, ज्याला सगळे रिप्रो (रिप्रॉडक्शन) म्हणतात. मी दोन्ही केलंय. आठ-नऊ वर्षं फक्त अस्सलच्या मागे होतो आणि रिप्रोवाल्यांकडे बघून मनातल्या मनात नाक मुरडायचो, त्यामुळे हे पक्ष बदललेल्या माणसाचं मत आहे असं समजून वाचा, थोडं मीठ-मसाला लागलेलं असणारच.

आधी अस्सलची बाजू, कारण ती खरंच मोठी आहे. शोधण्यातली मजा रिप्रोत नाही म्हणजे नाहीच. जुन्या कपड्यांचा ढीग उपसताना एखादं लेबल हाताला लागतं आणि डोक्यात गणित सुरू होतं. लिव्हाइसच्या लाल टॅगवर सगळी अक्षरं कॅपिटल असतील तर जीन्स बहुतेक १९७१ च्या आधीची, कारण त्यानंतर ई लहान झाला. वूलमार्कचा, म्हणजे शुद्ध लोकरीच्या खुणेचा, तो लोकरीच्या गुंडाळीसारखा शिक्का दिसला तर १९६४ च्या नंतरचं. ब्रिटिश कपड्यावर सीसी ४१ चं सरकारी चिन्ह असेल तर ते दुसऱ्या महायुद्धातल्या रेशनिंगपासून १९५२ पर्यंतच्या काळातलं. अमेरिकन कपड्यात कसा धुवायचा याची पट्टीच नसेल तर तो १९७२ च्या आधीचा असण्याची शक्यता बरीच, कारण त्या वर्षापासून ती सक्तीची झाली (अर्थात पट्टी कोणीतरी कापून टाकलेली पण असू शकते, मला टोचते म्हणून मी स्वतः दहा वेळा कापलीय). एकदा हे कळायला लागलं की कॉलर उलटून बघायची सवयच लागते, समोरच्या माणसाची पण, तेवढं सांभाळा.

दुसरं म्हणजे कापड. जुनी लोकर हाताला जड आणि घट्ट लागते, आणि चांगल्या शिवणीच्या कोटात आतमध्ये माया (शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड) भरपूर सोडलेली असते, म्हणजे पोट सुटलं तरी शिंपी उसवून वाढवून देऊ शकतो. आताच्या रेडिमेडमध्ये माया शोधायला भिंग लागेल.

आता माझं दुखणं.

माझ्याकडे १९५० च्या दशकातला एक करड्या लोकरीचा कोट होता, आहे अजून. हाताने केलेली काजं, आतलं अस्तर किंचित पिवळं पडलेलं, आणि खांद्याला असा बसायचा की माझ्याचसाठी शिवलाय. जुन्या मापांचा अनुभव असलेल्यांना कळेल हे किती दुर्मिळ आहे ते, नंबर बघून घेतलं की हमखास फसतो, टेप घेऊनच जावं लागतं. तर हा कोट घालून मी ट्रेनमध्ये बॅग वरच्या रॅकवर ठेवायला गेलो आणि उजव्या काखेत चर्रर्र झालं. चार बोटं उसवलं. शिंप्याकडे नेला, त्याने आत हात घालून शिवण जरा ताणून बघितली आणि म्हणाला, कापड चांगलंय हो, दोरा मेलाय. सुती दोरा, इतकी वर्षं घाम पिऊन पिऊन कुजलेला, बोटाने ओढला तरी तुटत होता. त्याने तेवढं शिवून दिलं. तीन आठवड्यांनी त्याच्याच शेजारी उसवलं. तिसऱ्यांदा मी शहाणपणा करून दुसऱ्याकडे नेला आणि मजबूत पॉलिस्टरचा दोरा वापरा म्हटलं, तर पुढच्या वेळेस दोरा जागेवर आणि त्याच्या कडेचं कापडच फाटलं, म्हणजे शिवण उसवली असती तर परत शिवता आली असती, आता रफू करत बसा. पहिल्या शिंप्याला सांगितलं तर तो हसलाच, म्हणे जुन्या कापडाला त्याच्यापेक्षा कच्चा दोरा लावायचा असतो, म्हणजे ताण आला की आधी दोरा जातो.

त्यानंतर मी तो कोट घालायचो पण कोपर अंगाला चिकटवून. दरवाजा उघडायला पुढे होऊन छातीजवळून हात काढायचो, वरचं काही हवं असलं तर दुसऱ्याला सांगायचो. ऑफिसातल्या एकाने खांदा आखडलाय का म्हणून विचारलं आणि चार व्यायाम पण सांगितले, मी ऐकून घेतले, काय सांगणार. त्या दोन वर्षांतले फोटो परवा काढून बघितले तर सगळ्यांत मी परेडला उभा असल्यासारखा, दोन्ही हात खाली. तळहातावरच्या फोडासारखं जपणं म्हणतात ना, तसं झालं होतं, आणि कोट मला घालत होता का मी कोटाला हेच कळेना.

मग कंटाळून एक रिप्रो घेतला, आणि इथेच मला जे कळलं ते आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. जुन्या चांगल्या कोटांचा मुंडा, म्हणजे बाही जोडायची गोल जागा, वर कापलेला असायचा, काखेच्या अगदी जवळ. त्याने होतं काय की हात वर केला तरी कोट अंगाबरोबर वर ओढला जात नाही, बाही तेवढी हलते. म्हणजे तो कट मुळात हात मोकळे राहावेत म्हणूनच होता! माझ्या रिप्रोवाल्याने मुंडा तसाच ठेवलाय, आणि पहिल्याच दिवशी मी रॅकवरून बॅग काढली तर काहीच झालं नाही, कोट जागेवर. पन्नासच्या दशकातल्या त्या शिंप्याला जे द्यायचं होतं ते मला त्याच्या कोटात नाही, आत्ताच्या नकलेत मिळालं. हे पचायला मला वेळ लागला.

अर्थात सगळे रिप्रो असे नसतात, बरेचसे नुसते वेषांतर असतात. मुंडा आजच्यासारखा खाली आणि ढगळ, वरून फक्त रुंद कॉलर लावून दिली की झालं जुनं. खिशाला नुसतीच पट्टी, आत खिसाच नाही. मुद्दाम घासून जुनी केलेली कोपरं, त्याची तर मला चीडच येते, ती कोपरं मी स्वतः टेकून झिजवणार आहे ना. ज्यांनी हे मनापासून केलंय ते वेगळे, जपानात ओसाकाच्या डेनिमवाल्यांनी जुन्या पद्धतीच्या अरुंद मागावरचं सेल्व्हेज (विणतानाच कडा पक्क्या झालेलं) कापड, जुने दोरे, जुनी शिलाई यांचा अक्षरशः ध्यास घेतला, त्यांतले स्टुडिओ डार्टिसानवाले तर १९७९ पासून हेच करतायत. तिथे नक्कल हा शब्द वापरायला जीभ अडखळते.

बायकोचं मत मात्र वेगळं आहे आणि न्यायाने ते पण लिहायला हवं. ती चाळीसच्या दशकातले ड्रेस घालते, कुशीला धातूची चेन असलेले, आणि तिचं आजवर काही उसवलं नाही. तिचं म्हणणं, कपड्याला नाव ठेवू नकोस, तू हातवारे फार करतोस. असेलही.

आता छंदांकडे या, तर तिथे वापरायला नवीनच बरं हा माझा नियम उलटा पडतो. रेकॉर्ड ऐकायच्या असतील तर सुटकेससारखे दिसणारे नवे स्वस्त प्लेअर कृपा करून घेऊ नका. माझा एक होता, दिसायला देखणा. त्यातल्या बऱ्याच जणांना सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) असते आणि सुई रेकॉर्डवर पाच-सहा ग्रॅम दाबाने बसते, चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला दीड-दोन ग्रॅम पुरतात. त्यापेक्षा सत्तरच्या दशकातला टर्नटेबल घ्या, पट्टा आणि सुई नवीन टाका, चालला. (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्ड असतील तर त्यांची खाच रुंद असते, सुई वेगळी लागते.) कॅमेऱ्याचं तेच. मागच्या झाकणाच्या कडेचा फोम इतक्या वर्षांत डांबरासारखा चिकट होतो, माझ्या बोटांना दोन दिवस लागला होता, पण खरवडून नवीन पट्टी चिकटवली की विषय संपला. १२० या मापाचा फिल्म रोल १९०१ मध्ये आला आणि आजही मिळतो, त्यामुळे आजोबांच्या वयाचा कॅमेरा पण कामाला लागतो, फक्त तो ६२० चा निघाला तर फिल्म तीच पण रीळ बारीक, अंधारात दुसऱ्या रिळावर गुंडाळून घ्यावी लागते. शाईपेनाची आतली रबरी पिशवी सुकून कडक होते, ती पण बदलता येते.

फरक माझ्या मते इतकाच आहे की यंत्रात कुजणारा भाग वेगळा काढता येतो. कोटात दोराच सगळीकडे असतो, तो बदलायचा म्हणजे कोट नव्याने शिवायचा.

घड्याळांबद्दल एकच सांगतो, जुन्या डायलवरचे आकडे अंधारात चमकत नाहीत म्हणजे धोका गेला असं नाही. साठच्या दशकापर्यंत बऱ्याच ठिकाणी रेडियम हा किरणोत्सारी धातू वापरला जायचा, चमकणारा लेप थकतो पण रेडियमचं अर्धं आयुष्य १६०० वर्षं आहे. मनगटावर घालणं आणि काच उघडून ती पावडर खरवडणं यात फरक आहे, दुसरं घरी अजिबात करू नका.

आणि नुसता संग्रहच करायचा असेल तर वाद नाही, अस्सलच घ्या, रिप्रोचा संग्रह कोण करतं. पण मग घालायचा मोह नको. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या काही रेशमाला वजन यावं म्हणून धातूचे क्षार पाजलेले असायचे, ते रेशीम हँगरवर नुसतं लटकलं तरी आपोआप चिरत जातं, आडवंच ठेवा. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या टाकाल तर तो वास पुढची चार वर्षं तुमच्या आधी खोलीत शिरेल.

माझा करडा कोट आता आडवा, कागदात घडी करून ठेवलाय, वर्षातून दोनदा काढून हवा देतो. रिप्रोचं डावं कोपर चमकायला लागलंय, खरं टेबलावर टेकून.

तुम्ही दुकानात ट्रायलला उभे असाल, अस्सल असो की नवीन, तर आरशात बघत बसायच्या आधी दोन्ही हात डोक्यावर नेऊन बघा. विकणारा थोडा दचकेल, दचकू दे.