लाकडी शाफ्ट की कार्बन? पैसे घालायच्या आधी हे बघून घ्या

पूल, म्हणजे टेबलवर क्यूने बॉल मारून भोकात घालायचा खेळ, जरा सिरियसली खेळायला लागलं की हा प्रश्न येतोच. हातातला मेपल लाकडाचा शाफ्ट, म्हणजे क्यूचा पुढचा भाग, ठेवायचा की काळा कार्बनवाला घ्यायचा, आणि घेतला तर खेळ खरंच सुधारतो का. माझं मत आधीच सांगून टाकतो. कार्बनचा खरा फायदा म्हणजे तो वाकत नाही, फुगत नाही, वर्षानुवर्षं तसाच राहतो. डिफ्लेक्शन (मध्यापासून बाजूला मारल्यावर बॉलचं नेमापासून सरकणं) कमी होतं हेही खरंय, पण ते चांगल्या लाकडी शाफ्टमध्येसुद्धा मिळतं, त्यामुळे फक्त तेवढ्यासाठी बदलणार असाल तर आधी तुमच्याकडे सध्या कुठला लाकडी शाफ्ट आहे ते बघा, कारण लाकडात पण दोन जाती आहेत.

एक म्हणजे साधा, अख्ख्या मेपलच्या दांड्यातून काढलेला, पुढे साधारण १३ मिलिमीटरचा, लांबलचक फेरूलवाला (फेरूल म्हणजे टोकावरच्या चामड्याच्या टिपच्या मागची कडी). आणि दुसरा लो डिफ्लेक्शनवाला, म्हणजे लाकडाच्या फाका एकमेकांना चिकटवून बनवलेला, पुढचे काही इंच आतून पोकळ आणि फेरूल अगदी छोटी. प्रेडेटर कंपनीने नव्वदच्या दशकात ३१४ हा शाफ्ट काढला तेव्हापासून ही जात आहे. कार्बनचा रेव्हो त्यांनी २०१६ मध्ये आणला आणि मग क्यूटेकचा सिनर्जी, मेझचा इग्नाइट, मॅकडरमॉटचा डिफाय अशी रांगच लागली. साध्या मेपलवरून कार्बनवर गेलात तर पहिल्या तासातच फरक कळेल, पण ३१४ सारख्या शाफ्टवरून गेलात तर डिफ्लेक्शनमध्ये फरक थोडाच आहे, बाकीच्या गोष्टींत जास्त आहे.

आता डिफ्लेक्शन नक्की होतं कसं ते बघा, कारण दुकानदार यावरच सगळ्यात जास्त बोलतो. तुम्ही डावी साइड मारली, म्हणजे बॉलच्या मध्यापासून डावीकडे टिप लावली, की व्हाइट (क्यूने मारायचा पांढरा बॉल) सरळ न जाता किंचित उजवीकडे सरकून निघतो. टिप आणि बॉल एकमेकांना टेकलेले असतात जेमतेम एक-दोन मिलिसेकंद, तेवढ्यात बॉल फिरायला लागतो आणि टिपला बाजूला ढकलतो. शाफ्टचं टोक जड असेल तर ते लवकर बाजूला होत नाही आणि बॉललाच उलटं ढकलतं, हलकं असेल तर निमूट बाजूला होतं. म्हणजे सगळा खेळ पुढच्या सहा-सात इंचांच्या वजनाचा आहे. कार्बन हलका आणि ताकदीचा असल्यामुळे पातळ भिंतीची नळी करून टोक हलकं ठेवता येतं, एवढंच त्याचं गुपित. आणि हा फरक छोटा समजू नका, नुसत्या १ अंशाने व्हाइट भरकटला तरी ४ फुटांवर तो २१ मिलिमीटर बाजूला गेलेला असतो आणि बॉलचा व्यासच ५७ मिलिमीटर आहे, म्हणजे फुल बॉल (अगदी समोरासमोर) मारायला गेलात तर बॉल चांगलाच कट होणार, म्हणजे तिरका जाणार.

पण "कार्बनने स्पिन जास्त येतो" असं जे सगळे सांगतात ते मला पटत नाही. स्पिन किती येणार हे टिप मध्यापासून किती लांब लागली आणि स्ट्रोक किती जोरात होता यावर ठरतं, आणि मध्यापासून साधारण १४ मिलिमीटरच्या पलीकडे गेलात की शाफ्ट कुठलाही असो, मिसक्यू होणारच, म्हणजे टिप बॉलवरून घसरणारच. कोलोरॅडोचे निवृत्त प्रोफेसर डेव्हिड अल्सिएटोरे, ज्यांना पूलवाले डॉक्टर डेव्ह म्हणून ओळखतात, त्यांनी हाय स्पीड कॅमेरे लावून हे सगळं तपासलंय. होतं काय की व्हाइट फार सरकत नाही हे कळल्यावर माणूस बिनधास्त लांब साइड मारायला लागतो आणि त्याला वाटतं शाफ्टनेच स्पिन दिला. फायदा होतोच, पण तो विश्वासाचा आहे.

जुन्या शाफ्टवर तुम्ही कित्येक वर्षं साइडसाठी नेम थोडा बाजूला धरत आलेला असता, विचार न करता, हात आपोआप करतो. कार्बन लावला की तीच सवय आडवी येते आणि सोपे सोपे पॉट जाड किंवा बारीक (बॉलला हवं त्यापेक्षा जास्त किंवा कमी भरून) लागायला लागतात. याहून फसवी गोष्ट हळू मारलेल्या लांब शॉटची. क्यू थोडा जरी वर उचललेला असला (आणि कुशनमुळे तो उचललेलाच असतो) तर साइड मारलेला व्हाइट पुढे जाता जाता साइडच्याच दिशेला वळतो. साध्या शाफ्टमध्ये आधी उलटं सरकणं आणि मग वळणं एकमेकांना बरंचसं खाऊन टाकतात. कार्बनमध्ये सरकणं कमी, पण वळणं तेवढंच, त्यामुळे हळू शॉटला व्हाइट जास्त वळल्यासारखा वाटतो. आपल्याकडच्या बऱ्याच पार्लरमध्ये कापड जुनं, जाड, पावसाळ्यात दमट, तिथे तर हे फारच जाणवतं. म्हणून मॅचच्या आठवड्यात शाफ्ट बदलू नका, बदलायचाच असेल तर सीझन संपल्यावर बदला आणि मग परत जुन्याकडे जाऊ नका, एक दिवस हा एक दिवस तो असं केलं की हाताला दोन्ही कळत नाहीत.

घेण्याआधी कोणाचा तरी कार्बन अर्धा तास मागून घ्या आणि टेबलवर एक गोष्ट करून बघा. टेबलच्या लांबीच्या दोन टोकांना, मधल्या रेषेवर, एकीकडे व्हाइट आणि दुसरीकडे एक रंगीत बॉल ठेवा. आधी मध्यावर मारून फुल बॉल लागतोय ना ते बघा. मग क्यू त्याच दिशेला समांतर ठेवून नुसता एक टिप डावीकडे सरकवा आणि जोरात मारा, जोरात मारल्यावर वळायला वेळ मिळत नाही म्हणून दिसतं ते जवळजवळ शुद्ध डिफ्लेक्शन. रंगीत बॉल कुठल्या दिशेला किती कट होऊन गेला ते लक्षात ठेवा आणि तेच तुमच्या शाफ्टने करा. मग दोन्हीने हळू मारून बघा. या दहा मिनिटांत जे कळतं ते कुठल्याच व्हिडिओत कळत नाही. जर दोघांत तुम्हाला फारसा फरक दिसला नाही तर तुमचा शाफ्ट आधीच चांगला आहे, डिफ्लेक्शनसाठी पैसे घालू नका.

आता हवामानाचं, आणि इथे मी पूर्णपणे कार्बनच्या बाजूने आहे. मुंबई, ठाणे, अख्खं कोकण, गोवा, इथे जून ते सप्टेंबर लाकडाचे हाल होतात. हॉलमध्ये एसी, बाहेर धो धो पाऊस, क्यू पाठीवर घेऊन स्कूटरवरून घरी, मग घरी कपाटात कोपऱ्यात उभा. लाकूड ओल पितं, फुगतं, मग सुकतं, आणि हे सारखं झालं की शाफ्टला बाक येतो. बघायचं असेल तर अख्खा क्यू लोळवू नका, शाफ्ट बटपासून (क्यूच्या मागच्या भागापासून) वेगळा करा, टेबलवर ठेवा, टिप कडेच्या बाहेर राहू द्या आणि बोटाने हळू लोळवा. टिप गोल फिरताना वर-खाली होताना दिसली, किंवा मधल्या भागाखालून उजेडाची रेघ दिसून परत गायब झाली, की बाक आहे. थोडा बाक असला तरी लोक खेळतात, पण साइड मारताना शाफ्ट कसा फिरवून धरलाय त्यावर शॉट बदलतो आणि चूक स्ट्रोकची की लाकडाची तेच कळेनासं होतं. अख्ख्या लाकडाच्या शाफ्टमध्ये बाक नसला तरी रेषांच्या दिशेमुळे एका बाजूने तो जरा कडक असतो, फाकांच्या शाफ्टमध्ये हे बरंच कमी होतं, आणि कार्बन कसाही फिरवा, सारखाच. एक मात्र विसरू नका, कार्बन फक्त शाफ्ट आहे, मागचा बट बहुतेक वेळा लाकडाचाच असतो, त्यामुळे क्यू उन्हात गाडीच्या डिकीत ठेवायचा नाही हा नियम तसाच राहतो.

हाताला लागणंही वेगळं. मेपलमध्ये घाम, चॉक आणि पार्लरमधली पावडर मिळून रेषांत जाऊन बसतं, शाफ्ट निळा-करडा होतो आणि ब्रिजमधून (पुढच्या हाताच्या बोटांच्या आधारातून) अडकत अडकत सरकतो. मग लोक पॉलिश पेपर घासतात आणि दर वेळी थोडं लाकूड जातं, काही वर्षांत शाफ्ट चांगलाच बारीक झालेला असतो. पेपरपेक्षा किंचित ओलं कापड आणि मग चामड्याचा तुकडा जोरात घासून गरम करणं कधीही बरं. कार्बनला मायक्रोफायबर कापड आणि अधूनमधून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पुसा, झालं, पेपर अजिबात लावायचा नाही. पण कार्बन कधीच चिकटत नाही हे मात्र खोटं आहे, दमट हवेत हात घामेजला की तोही चिकटतो, ग्लोव्ह लागतोच. स्वस्तातल्या काही शाफ्टचं सुरुवातीला कापडाला काळं लागतं, ते पुसून पुसून जातं.

आवाज आणि फील याबद्दल भांडण मिटणारच नाही. मेपलचा ठक असा भरीव आवाज येतो आणि हातापर्यंत काहीतरी पोचतं, टिप नीट लागली की नाही ते मनगटाला कळतं. कार्बन कडक, आवाज पोकळ, काही कंपन्या आत फोम भरून तो कमी करतात. नाजूक शॉट, म्हणजे व्हाइट अर्धा फूट सरकवून रंगीत बॉलमागे लपवायचा वगैरे, यात मला अजूनही लाकूड आवडतं आणि कार्बनने ते होत नाही असं नाही, पण हाताला शिकायला वेळ लागतो. शेन व्हॅन बोनिंगने २०२२ ची वर्ल्ड पूल चॅम्पियनशिप कार्बनने जिंकली आणि एफ्रेन रेयेसने १९९९ मध्ये कार्डिफला नाइन बॉलची वर्ल्ड चॅम्पियनशिप लाकडाने जिंकली, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या लोकांकडे दाखवायला नाव आहेच.

आपल्याकडे बरेच जण पूलबरोबर स्नूकर पण खेळतात. स्नूकरच्या क्यूचं गणित वेगळं आहे, तिथे टिप साडेनऊ-दहा मिलिमीटरची आणि अ‍ॅशच्या लाकडातल्या रेषांचे बाण वर ठेवून नेम धरायची सवय, तिथे मी घाई करणार नाही. पूलच्या ब्रेकसाठी (सुरुवातीला बॉल फोडायच्या शॉटसाठी) मात्र कार्बन मस्तच, फक्त खेळायच्या टिपने ब्रेक मारून ती मशरूमसारखी पसरवू नका, वेगळा ब्रेक क्यू ठेवा.

टिप बदलणं हा असा विषय आहे की खरेदीच्या वेळी कोणी विचारत नाही. लाकडी शाफ्टची टिप पार्लरमधला मुलगा पण ब्लेडने काढून फेविक्विकने लावून देतो, कडा थोड्या घासल्या गेल्या तरी फेरूलवर जातं. कार्बनमध्ये बऱ्याचदा फेरूल नसतेच, टिपखाली पातळ चकती आणि लगेच कार्बनची कड. ब्लेड घसरलं किंवा लेथवर जरा जास्त घेतलं की ती कड कायमची खराब. जुनी टिप काढायला लायटरने गरम तर अजिबात करू देऊ नका, आतला गोंद सैल होतो. कार्बनवर टिप लावलेला माणूस तुमच्या शहरात आहे का हे आधी शोधा, आणि शाफ्टला मास्किंग टेप गुंडाळूनच काम करायला सांगा. तसंच पडण्या-आपटण्याचं. मेपलला खोक पडली तर ओला कपडा ठेवून वाफ दिली की बरीचशी भरून येते. कार्बनला साधी खोक पडत नाही, पण टेबलच्या कडेवर जोरात आडवा आपटून तडा गेला तर दुरुस्ती नाही, शाफ्ट गेला.

पैशांचं म्हणाल तर मोठ्या नावांचे शाफ्ट अमेरिकेतच साधारण ४०० ते ६०० डॉलर, वर शिपिंग आणि ड्युटी. चिनी शाफ्ट त्याच्या चौथाई-तिहाई किमतीत मिळतात आणि त्यातले काही खरंच चांगले आहेत, पण एकाच मॉडेलचे दोन नग सारखे निघतील याची खात्री नाही, म्हणून हातात घेऊन, मारून मगच घ्या. ज्यांच्याकडे अजून स्वतःचा क्यूच नाही, पार्लरचाच घेऊन खेळतात, त्यांनी सरळ कार्बनवर सुरुवात केली तरी काही बिघडत नाही, मोडायला जुनी सवयच नाही. साधा मेपल आहे आणि किनारपट्टीला राहता, आठवड्यातून तीन-चार वेळा खेळता, तर घ्याच. फाकांचा लो डिफ्लेक्शन शाफ्ट आहे, सरळ आहे, आणि पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत राहता, तर तेच पैसे चांगल्या टिपवर आणि टेबलच्या भाड्यावर घाला.

आणि ऑर्डर टाकायच्या आधी जॉइंट, म्हणजे शाफ्ट आणि बट जिथे जोडतात ती जागा, बघा. तुमच्या बटची पिन (जोडायचा स्क्रू) रेडिअल आहे, ३/८-१० आहे, ५/१६-१४ की ५/१६-१८ आहे की युनि-लॉक, हे नक्की माहीत हवं, ५/१६ चे दोन्ही प्रकार दिसायला सारखेच असतात आणि चुकीचा शाफ्ट जोर लावून फिरवला तर आटे जातात. पिनवर पट्टी धरून एका इंचात किती आटे येतात ते मोजा, ५/१६ नंतरचा १४ किंवा १८ म्हणजे तोच आकडा. जॉइंटचा व्यासही विचारा, ०.८४० आणि ०.८५० इंच असा फरक असेल तर जोडलेल्या जागी नखाला कड लागते, खेळायला त्याने काही होत नाही पण एवढे पैसे दिल्यावर ती कड रोज टोचत राहते.