चोवीस सौरपर्वांचं भिंतीवरचं कॅलेंडर : घ्यावं असंच

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हे चिनी सौरपर्वांचं कॅलेंडर साडेतीनशे रुपयांना मिळालं. सूर्याच्या वाटेचे पंधरा-पंधरा अंशांचे चोवीस टप्पे, प्रत्येकाला एक पान.

मला सगळ्यात आवडलं ते 'मांगझोंग'चं पान. 5-6 जूनच्या सुमारास येतं. कुसळाचा गहू कापायचा, भात लावायचा, असे ते दिवस. शेताच्या बांधावर वाकलेली बाई, पदराऐवजी डोक्यावर बांबूची टोपी, आणि भाताच्या रोपाचं एकेक पातं वेगळं रंगवलेलं. दोनच दिवसांनी आपला मिरग लागतो! आई ते पान कितीतरी वेळ बघत बसली. मार्चमधलं 'जिंगझे', म्हणजे जमिनीतल्या किड्यांना जाग येण्याचे दिवस, हेही सुंदर आहे.

चिनी राशींत दर वर्षाला एक प्राणी असतो; ते राशींचं पान मात्र चुकलंय, आणि याचा मला खरंच राग आला. तिथे प्राण्याचं वर्ष सरळ 1 जानेवारीपासून धरलंय. माझा जन्म 28 जानेवारी 1978चा. कॅलेंडर मला घोडा म्हणतं. चिनी ज्योतिषी वर्ष बदलतात ते 4 फेब्रुवारीच्या आसपासच्या 'लिचुन'ला, म्हणजे वसंत सुरू होण्याच्या पर्वाला, आणि चांद्र नववर्षही त्या साली फेब्रुवारीतच होतं. म्हणजे कसंही मोजा, मी सापच. छापणाऱ्यांना कळवलंय, अजून उत्तर नाही.

तारखाही चीनच्या वेळेच्या आहेत, आपल्यापेक्षा अडीच तास पुढच्या; त्यामुळे एखादं पर्व आपल्याकडे आदल्या रात्रीच लागतं. वरची तार पावसाळ्यात गंजते, तेव्हा दोरा ओवून घ्या.