मस्टँग बांधून घेताय? आधी चॅसी नंबर वाचा

डेट्रॉईटजवळ राहायला आलो त्या पहिल्याच ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझ ही जुन्या गाड्यांची मिरवणूक पाहिली आणि फोर्डची १९६७ ची मस्टँग फास्टबॅक, म्हणजे छत थेट शेपटीपर्यंत उतरत जाणारी गाडी, मनात घर करून बसली. ती नव्याने बांधून घ्यायचं ठरवलं: कोऱ्या पत्र्याची बॉडी, आत फोर्डचं आजचं पाच लिटरचं कायोटी इंजिन, चारही चाकांना डिस्क ब्रेक. असं काम जीव ओतून करणारे कारागीर अमेरिकेत आहेत. मी ज्याच्याकडे गेलो तो त्यांतला नव्हता.

वर्कशॉप दुसऱ्या राज्यात. हप्ते ठरले तारखेवर, झालेल्या कामावर नाही. दर महिन्याला फोटो यायचे आणि मी पैसे पाठवायचो, तेही थेट बँकेतून. दीड वर्षात ९४,००० डॉलर गेले.

गाडी आली तेव्हा देखणीच होती. एका जुन्या मेकॅनिकने छताच्या मागच्या उतारावर लोहचुंबक फिरवलं, तर जागोजागी ते चिकटेचना. खाली पुट्टीचे थर. कोऱ्या पत्र्याला एवढी पुट्टी कशाला लागेल? मग त्याने डाव्या फेंडरखालच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेला नंबर वाचला. त्या काळचा नंबर अकरा अक्षरांचा असतो. माझा सुरू होत होता ७टी०१सी असा. सात म्हणजे १९६७, टी म्हणजे न्यू जर्सीतला मेटचन कारखाना, सी म्हणजे २८९ घन इंचांचं साधं इंजिन. आणि ०१ म्हणजे हार्डटॉप, छत मागच्या काचेशीच संपणारी गाडी! फास्टबॅकचा आकडा ०२. गंजलेल्या हार्डटॉपचं छत कापून त्यावर फास्टबॅकची पाठ जोडली होती. हा नंबर मालकीच्या कागदावरही होता. तो मी एकदाही नीट वाचला नव्हता.

मग इंजिन तपासलं. करारात २०१८ नंतरचं, तिसऱ्या पिढीचं कोरं इंजिन लिहिलं होतं. त्यात पोर्टमध्ये (सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेत) आणि थेट सिलिंडरमध्ये अशी दोन्हीकडे इंधनाची फवारणी होते. माझ्या गाडीत थेट फवारणीचा उच्चदाब पंपच नाही. म्हणजे आधीच्या पिढीचं, बहुधा अपघाती गाडीतून काढलेलं. रंगापेक्षा, चाकांपेक्षा मला याचाच जास्त राग येतो, कारण या गाडीचा जीव इंजिनात असतो.

बॉडी खरोखर कोरी असेल, तर तिला नंबर कुठून येणार हे आधी विचारा. २०१५ च्या कायद्याने छोट्या उत्पादकाला जुन्या गाड्यांच्या वर्षाला ३२५ पर्यंत प्रतिकृती विकता येतात, पण त्यासाठी केंद्रीय वाहतूक सुरक्षा संस्थेकडे नोंदणी लागते. ती दाखवायला सांगा. जुन्या गाडीचा नंबर कापून नव्या सांगाड्यावर जोडणं गुन्हा ठरू शकतो. त्यात गाडीही जप्त होऊ शकते.

माझा वकील सध्या पत्रव्यवहार करतोय. गाडी गॅरेजमध्ये झाकून ठेवली आहे. तुमच्यापैकी कुणी फास्टबॅकचा ॲडव्हान्स भरला असेल, तर पुढचा हप्ता थांबवा, मालकीच्या कागदाची प्रत मागवा आणि त्यावरच्या नंबरातलं तिसरं-चौथं अक्षर बघा. आणि गाडी बघायला स्वतः जा, नाहीतर तिथलाच एखादा तटस्थ तपासनीस पैसे देऊन पाठवा, तोही रंग चढायच्या आधी.